इटलीत भाड्याची गाडी चोरीला गेली तर? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा, कुडाळ)

निखिल ए-२०४: मंडळी एक विचारायचं होतं, विषय सोसायटीचा नाही त्यामुळे आधीच सॉरी 🙏 दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं (आई-बाबा पण) इटलीला जातोय, फ्लॉरेन्सच्या आसपासची गावं आणि मग खाली सिसिली. ट्रेन-बस करत आईबाबांचे हाल नकोत म्हणून गाडी भाड्याने घ्यायचं ठरलंय. साइटवर लिहिलंय सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर, गाडी ठोकली तर त्याचं) आणि थेफ्ट प्रोटेक्शन इन्क्लुडेड, आणि खाली परत फुल कव्हरेज म्हणून वेगळं बटण आहे, त्याचे रोजचे पैसे वेगळे. चोरीचं आधीच आहे म्हटल्यावर ते अजून कशाला घ्यायचं? कोणी घेतलीय का बाहेर गाडी?

परबवहिनी ए-१०२: इटलीक गाडी चलवतलो? आणि आमका कणकवलीक सोड म्हटला की तुझी गाडी सर्व्हिसिंगक दिलेली असता 😄

निखिल ए-२०४: वहिनी एकदाच झालं होतं ते 😅

केतकी सी-३०३: मी जर्मनीत होते तेव्हा बऱ्याचदा घेतलीय, इटलीत पण. ते इन्क्लुडेड लिहिलंय त्याच्या खाली एक्सेस किती आहे ते बघ आधी

निखिल ए-२०४: डॅमेजला १८०० युरो, थेफ्टला २२००. हे डिपॉझिट ना?

केतकी सी-३०३: नाही रे. डिपॉझिट म्हणजे ते तुझ्या क्रेडिट कार्डवर ब्लॉक करतात ती रक्कम, गाडी नीट परत दिलीस की सुटते. एक्सेस म्हणजे गाडी ठोकली किंवा चोरीला गेली तर पहिले तेवढे पैसे तुझेच. बऱ्याचदा दोन्ही आकडे सारखेच असतात म्हणून गोंधळ होतो. युरो शंभराच्या आसपास धर, म्हणजे गाडी चोरीला गेली तर थेफ्ट प्रोटेक्शन असूनसुद्धा तुझे दोन लाखाच्या वर गेले

निखिल ए-२०४: आयला

प्रभूकाका बी-१०१: निखिल, मी इन्शुरन्सचा सर्व्हेअर म्हणून आयुष्यभर ठोकलेल्या गाड्याच बघितल्या म्हणून सांगतो. आपल्याकडे प्रायव्हेट गाडीच्या क्लेममधून कंपल्सरी डिडक्टिबल कापतात ते १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्याच्या वर २०००. वरून डेप्रिसिएशन (पार्ट जुने म्हणून किंमत कमी धरतात ते), झीरो डेप कव्हर असेल तर ते पण नाही. त्यामुळे इन्शुरन्स आहे म्हटलं की आपल्या माणसाला वाटतं चारदोन हजारात सुटलो. तिकडे तोच आकडा लाखात जातो. आणि सीडीडब्ल्यू ही तू काढलेली पॉलिसी नव्हेच. भाड्याची कंपनी तुला करारात लिहून देते की एवढ्या रकमेच्या वरचं नुकसान तुझ्याकडे मागणार नाही. म्हणजे करारातली दुसरी कुठली अट तू मोडलीस, दारू पिऊन चालवली, करारात नाव नसलेल्याने चालवली, कच्च्या रस्त्यावर घातली, की ही सूट पण गेली आणि अख्ख्या गाडीचं बिल तुझ्या नावावर. थर्ड पार्टी मात्र तिकडे कायद्यानेच सक्तीची, ती भाड्यात असतेच, त्याची चिंता करू नको.

निखिल ए-२०४: काका म्हणजे बायकोने थोडा वेळ चालवली तर?

प्रभूकाका बी-१०१: तिचं नाव ॲडिशनल ड्रायव्हर म्हणून घाल. पैसे लागतील पण घाल. नाहीतर तिला स्टिअरिंगला हात लावू देऊ नको.

सेक्रेटरी: उद्या महावितरणचं काम आहे, सकाळी ९ ते २ लाईट नाही. लिफ्ट बंद राहील. पाणी आधी भरून घ्या.

परबवहिनी ए-१०२: परत?? गेल्या आठवड्यात काय केल्यानी मग

रोहन बी-४०२: निखिल मी जरा माझ्या बाजूने सांगतो, मोपा एअरपोर्टला माझ्या पाच गाड्या आहेत भाड्याच्या, काळ्या प्लेटवाल्या. गाडी घेताना आणि परत देताना व्हिडिओ काढ, चारी चाकांच्या रिम, बंपरची खालची कड, काच, छप्पर, आतला डॅशबोर्ड, किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा. आम्ही पण व्हिडिओ काढूनच गाडी देतो कारण कस्टमर म्हणतो ओरखडा आधीचाच आणि आम्ही म्हणतो तुझाच. तिकडे एक कागद देतात गाडीच्या चित्राचा, त्यावर आधीचे ओरखडे मार्क केलेले असतात, नसतील तर काउंटरवर परत जाऊन मार्क करून घे, सही केल्याशिवाय किल्ली घेऊ नको. आणि रात्री ऑफिस बंद झाल्यावर किल्ली बॉक्समध्ये टाकून यायची वेळ आणू नको, सकाळी त्यांचा माणूस बघेपर्यंत गाडी तुझ्याच जबाबदारीवर उभी असते

केतकी सी-३०३: हे शंभर टक्के. ऑफिस उघडं असताना परत दे आणि काही डॅमेज नाही असा कागद घे

निखिल ए-२०४: ओके. पण माझा मूळ प्रश्न चोरीचा होता, सिसिलीबद्दल लोक घाबरवतात

केतकी सी-३०३: अरे आख्खी गाडी जाणं त्यामानाने कमी, जास्त होतं ते काच फोडून बॅगा काढणं. आणि गंमत बघ, त्यात थेफ्ट प्रोटेक्शनचा उपयोग जवळपास शून्य. ते फक्त गाडीसाठी असतं, गाडीतल्या तुझ्या सामानाला नाही. आणि फुटलेली काच? बऱ्याच कंपन्यांत काच, टायर, रिम, गाडीचा तळ आणि छप्पर बेसिक कव्हरच्या बाहेर. म्हणजे जे सगळ्यात जास्त घडतं ते दोन्हीकडून सुटलं. मग म्हणशील ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये बॅगेज आहे, तर त्यात बघ, गाडीत बेवारस ठेवलेलं सामान बऱ्याच पॉलिसीत चालत नाही, आणि जिथे चालतं तिथे सुद्धा डिकीत बंद आणि बाहेरून न दिसणारं अशी अट असते. त्यामुळे हॉटेल ते हॉटेल जाताना मधे कुठे व्ह्यूपॉइंटला सगळ्या बॅगा डिकीत ठेवून तासभर फिरायला जायचं नाही, एक माणूस गाडीपाशी हवा. पासपोर्ट तर अंगावरच. पासपोर्ट गेला तर पोलिस रिपोर्ट, मग एम्बसी, मग इमर्जन्सी सर्टिफिकेट (घरी परतायचा तात्पुरता कागद), सुट्टीचे दिवस त्यातच गेले

निखिल ए-२०४: बाबा तसेही खाली उतरायला तयार नसतात, त्यांना बसवतो 😂

प्रभूकाका बी-१०१: बसवशील ते ठीक, पण गाडीत बसलेल्या माणसालाच फसवतात. हायवेवर किंवा पार्किंगमध्ये कोणीतरी सांगतो तुमच्या टायरमधली हवा गेलीय, तुम्ही खाली उतरता आणि दुसऱ्या बाजूच्या दारातून बॅग जाते. स्पेनमध्ये तर हा प्रकार इतका की ब्रिटन सरकार आपल्या नागरिकांना याबद्दल सावध करतं. बाबांना सांगून ठेव, दारं आतून लॉक. आणि किल्ली. गाडी चोरीला गेली तर कंपनी पहिली मागते ती किल्ली. किल्ली गाडीतच राहिली होती असं निघालं की तो निष्काळजीपणा, थेफ्ट प्रोटेक्शन रद्द. आपल्याकडे पण चोरीच्या क्लेमला दोन्ही चाव्या मागतात ना, तेच.

परबवहिनी ए-१०२: गाडीच नाय तर चावी घेवन काय करतले ते? पूजा घालतले?

प्रभूकाका बी-१०१: वहिनी, चावी हातात असली म्हणजे माणसाने गाडी स्वतः विकली नाही एवढं तरी दिसतं. निदान थोडंफार.

केतकी सी-३०३: पेट्रोल भरल्यावर पैसे द्यायला आत जाताना पण किल्ली खिशात. तिथे सेल्फ सर्व्हिस पंप जास्त, लोक किल्ली लावूनच आत जातात. आणि गेलीच गाडी तर ११२ लावायचं, आपल्याकडे आहे तोच नंबर सगळ्या युरोपात. काराबिनिएरी (तिकडचं एक पोलिस दल) किंवा पोलिसांकडे जाऊन तक्रार लिहून घ्यायची, तिकडे देनुंचा म्हणतात त्याला, त्याची प्रत आणि किल्ली कंपनीला द्यायची, शक्यतो त्याच दिवशी. तक्रारीची प्रत नसेल तर कुठलंच कव्हर लागू होत नाही. ठोकाठोकी झाली तर दोन्ही ड्रायव्हरने भरायचा एक फॉर्म असतो, ग्लोव्ह बॉक्समध्ये सापडेल, जे लिहिलंय ते कळल्याशिवाय सही नको

निखिल ए-२०४: बरं मग फुल कव्हरेज घेऊ की नको ते सांगा. रोजचे साधारण ७ युरो दाखवतंय. काउंटरवर कंपनीचं वेगळं असतं म्हणे

रोहन बी-४०२: घे, स्वस्त आहे. काउंटरवरचं घेऊ नको, तिथे त्या पोरांना इन्सेन्टिव्ह असतो, घाबरवून विकतात, तिपटीने महाग

केतकी सी-३०३: मला नाही पटत. साइटवरचं ते फुल कव्हरेज बघ कोण देतंय. बुकिंग साइट देत असेल तर ते रिफंडवालं असतं. म्हणजे डॅमेज झालं की भाड्याची कंपनी आधी तुझ्या कार्डावरून पूर्ण पैसे उचलते, आणि मग तू घरी येऊन त्या साइटकडे क्लेम करायचा, करार, डॅमेज रिपोर्ट, दुरुस्तीचं बिल, कार्ड स्टेटमेंट, चोरी असेल तर पोलिसांचा कागद, अर्धे कागद इटालियनमध्ये, आणि तू बसलायस कुडाळात. पैसे येतात, येत नाहीत असं नाही, पण तोपर्यंत दोन लाख तुझे अडकले. शिवाय कार्डावर ब्लॉक पूर्णच लागतो कारण भाड्याच्या कंपनीचा त्या पॉलिसीशी काही संबंधच नाही. आणि काही एक्सेस पॉलिसी फक्त युरोप-ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना मिळतात, भारतात राहणारा बसतो का ते आधी वाच

प्रभूकाका बी-१०१: मी केतकीच्या मताचा. भाड्याच्या कंपनीच्याच वेबसाइटवर झीरो एक्सेसचं पॅकेज असतं, ते घरी बसून आगाऊ घ्यायचं, काउंटरवर नाही. महाग पडेल, पण उजव्या बाजूने पहिल्यांदा चालवणार, अरुंद गल्ल्या, फुटपाथला रिम घासणार हे धरूनच चल. त्यातसुद्धा टायर-काच आहे की नाही ते वेगळं बघ, झीरो म्हटलं तरी कधीकधी ते नसतं. चुकीचं इंधन भरलं आणि किल्ली हरवली हे तर बहुतेक कुठेच नसतं.

रोहन बी-४०२: काका पण फरक बघा ना केवढा, दहा दिवसांचे दोनशे युरो जास्त जातील. दोन वर्षांतून एकदा जाणारा माणूस इतका कशाला भरेल. आपली गाडी आपण सांभाळून चालवली तर

प्रभूकाका बी-१०१: तुझ्या पाच गाड्यांपैकी बिनओरखड्याची किती आहेत सांग

रोहन बी-४०२: 🙈

निखिल ए-२०४: कार्डाचं काय? माझं डेबिट आहे आणि एक फॉरेक्स कार्ड काढणार होतो

केतकी सी-३०३: क्रेडिट कार्डच लागेल, आणि मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं. डेबिट आणि फॉरेक्स कार्ड डिपॉझिटला बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत, किंवा घेतात आणि मग त्यांचं महागडं कव्हर घ्यायलाच लावतात. लिमिट एक्सेसपेक्षा चांगलं जास्त हवं, नाहीतर हॉटेलच्या वेळी कार्ड डिक्लाइन. आणि बँकेच्या ॲपमधून इंटरनॅशनल चालू कर, बाय डिफॉल्ट बंद असतं

निखिल ए-२०४: लायसन्स आपलं चालेल ना, इंग्लिशमध्ये आहे

रोहन बी-४०२: इटलीत नाही चालणार नुसतं, आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) लागेल. ओरोसच्या आरटीओतच मिळतं, सारथी पोर्टलवर अर्ज, फी १००० रुपये, एक वर्ष चालतं. पासपोर्ट वगैरे कागद लागतात. १९४९ च्या जिनिव्हा करारातलं आहे आपलं. मूळ लायसन्स पण सोबत हवंच. हे नसताना ठोकलीस तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच दाखवतील

केतकी सी-३०३: आणि सिसिलीला गाडी घेऊन फेरीने जाणार की विमानाने?

निखिल ए-२०४: गुगलवर दाखवतंय गाडी फेरीत चढवून मेसिनाला उतरता येतं. भारी वाटलं, आपल्या दाभोळ-धोपावे जंगलजेटीसारखं

केतकी सी-३०३: चढवता येतं पण कंपनीला आधी विचार, काही कंपन्यांची लेखी परवानगी लागते आणि बोटीवर असताना गाडीला काही झालं तर बऱ्याचदा कव्हर नसतं. मी म्हणेन फ्लॉरेन्सला गाडी परत दे, विमानाने सिसिलीत कातानियाला जा, तिथे दुसरी घे. एवढं खाली चालवत जायचं म्हणजे आईबाबांचे तेच हाल

केतकी सी-३०३: आणि फ्लॉरेन्स शहरात गाडी आत घालूच नको. झेडटीएल झोन असतात (परवानगी असलेल्याच गाड्यांना प्रवेश), कॅमेरे आहेत, विनापरवानगी शिरलास की दंड. तो दंड परदेशी माणसाला ३६० दिवसांपर्यंत पाठवता येतो, म्हणजे पुढच्या दिवाळीला येईल घरी. वर भाड्याची कंपनी तुझं नाव-पत्ता पोलिसांना दिल्याची वेगळी फी कापते. कुठल्याही फुल कव्हरेजमध्ये हे येत नाही

परबवहिनी ए-१०२: त्यापेक्षा रत्नागिरीक जा रे बाळा, रिक्षा करून फिरा

प्रभूकाका बी-१०१: निखिल, बुक करायच्या आधी साइटचं आणि कंपनीचं अशा दोन्ही कव्हरचे टर्म्स काढ. कव्हर कुठे लागू नाही तो भाग असतो, तेवढाच वाचायचा, बाकी सगळी जाहिरात. चोरीच्या प्रयत्नात झालेलं नुकसान धरतात का तेही बघ, लॉक तोडलं, दार वाकवलं पण गाडी नेली नाही असं पण होतं.

निखिल ए-२०४: काका काढतो. सिसिलीसाठी झीरो एक्सेसवालं आणि टस्कनीत (फ्लॉरेन्सच्या बाजूला) बेसिक असं चालेल का? तिकडे चार दिवसच आहे

केतकी सी-३०३: उलटं करशील तर बरं. टस्कनीतलीच तुझी पहिली गाडी, रिम तिथेच घासणार. सिसिलीला पोचेपर्यंत हात बसेल

रोहन बी-४०२: पण चोरी सिसिलीत ना

केतकी सी-३०३: मग दोन्हीकडे घे 😄 निखिल पीडीएफ मला पर्सनलवर टाक, रात्री बघते. ओरोसचं काम मात्र लगेच कर, दिवाळीच्या तोंडावर ठेवू नको