कारवर बेतलेला पिकअप परत यावा का?

हौदा_पाच_फुटी

पुढून कार आणि मागून उघडा हौदा अशी गाडी कंपन्यांनी पुन्हा गांभीर्याने बनवावी, असं माझं मत आहे. विरोधी मतं वाचायला आवडतील, फक्त आकड्यांसकट या.

१९३२ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातून एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिलं, असं सांगतात. मागणी साधी होती: रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी हवी. फोर्डच्या ल्यू बँड्टने कूपेचं (दोन दारी कारचं) केबिन आणि हौद्याच्या बाजू सलग जोडल्या आणि १९३४ मध्ये जीलाँगच्या कारखान्यातून पहिली 'यूट' बाहेर पडली. पुढे अमेरिकेत त्याच धाटणीची फोर्डची रँचेरो १९५७ ला आली, शेव्हरलेची एल कॅमिनो १९५९ ला.

गरज तीच आहे, गाड्या मात्र फुगल्या. आज फोर्डचा नेहमीचा डबल कॅब (चार दारं, दोन रांगा सीटं) एफ-१५० पिकअप सुमारे ५.९ मीटर लांब भरतो आणि त्याच्या हौद्यात काही टाकायचं तर ते छातीपर्यंत उचलावं लागतं. पुढची चाकं ओढणाऱ्या कारमध्ये मागच्या चाकांना ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट नाही, ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा नाही, त्यामुळे हौद्याचा तळ खाली आणता येतो. २०२१ मध्ये फोर्डची कारवर बेतलेली मॅव्हरिक आली ती १९,९९५ डॉलरला, हायब्रिड इंजिन मूळ मॉडेलमध्येच, शहरात लिटरला सुमारे १८ किमी आणि ६८० किलो माल. यापेक्षा जास्त माल रोज वाहणारे किती जण असतात?

पाटे_आणि_शॅकल

कागदावर ६८० किलो ठीक आहे. ते ठेवता कुठे, यावर सगळं अवलंबून आहे, आणि कारवाले पिकअप नेमके तिथे मार खातात.

हिशेब मांडतो. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २७४० मिमी, रिकामी गाडी ११५० किलो, त्यातले ७१३ पुढच्या चाकांवर आणि ४३७ मागच्या. चालक धरलेला नाही. आता ६०० किलो माल भरा. मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या ४०० मिमी पुढे असेल तर ५१२ किलो मागे जातात, ८८ पुढे. इथवर छान. पण लहान डबल कॅबमध्ये मागचं सीट हौद्याची जागा खातं आणि मालाचा मध्य ॲक्सलच्या मागे सरकतो. तो २०० मिमी मागे गेला की मागच्या ॲक्सलवर ६४४ किलो येतात. म्हणजे भरलेल्या मालापेक्षा ४४ किलो जास्त, आणि तेवढेच पुढून उचलले जातात. सी-सॉच आहे तो.

आता पुढच्या चाकांवर एकूण १७५० पैकी ६६९ किलो, म्हणजे ३८ टक्के. १५ टक्के चढावर वजन आणखी मागे झुकतं आणि हे प्रमाण ३५ च्या खाली येतं. तो चढ चढायला टायर आणि रस्त्यात ०.४३ च्या आसपास घर्षणांक लागेल. कोरड्या डांबरावर ते सहज मिळतं. ओल्या गवतावर किंवा चिखलात नाही. चाक जागच्या जागी फिरतं आणि तुम्ही माल उतरवत बसता. मागची चाकं ओढणाऱ्या पिकअपमध्ये माल वाढला की पकडही वाढते. हा फरक रंगरंगोटीचा नाही.

निम्मा_नट

@पाटे_आणि_शॅकल, हिशेब बिनचूक आहे. निष्कर्ष मात्र घाईचा. तुम्ही सगळ्यात वाईट मांडणी घेतलीत आणि तिच्यावरून सगळी जात निकालात काढलीत.

ब्राझीलकडे बघा. फियाट स्ट्राडा १९९८ पासून विकली जाते. पुढचा भाग छोट्या हॅचबॅकच्या कुळातला, मागे सलग ॲक्सल आणि लीफ स्प्रिंगचे पाटे. आत्ताच्या पिढीत लांब हौद्याच्या मॉडेलला ७२० किलो आणि डबल कॅबला ६५० किलो. २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं ती तिथली सर्वाधिक खपाची गाडी होती. फक्त पिकअपमधली नव्हे, सगळ्या गाड्यांमधली. तिथे चढ नाहीत, चिखल नाही, असं थोडंच आहे?

आणि 'मोनोकॉक (वेगळी चासी नसून बॉडी हाच सांगाडा) आहे म्हणजे टनभर माल पेलवत नाही' हा समज तर सोडूनच द्या. ब्राझीलमध्ये डिझेल इंजिन हवं तर गाडीची क्षमता किमान एक टन असावी किंवा ती लो-रेंजची (जास्त जोराचे हळू गिअर असलेली) फोर व्हील ड्राइव्ह असावी, असा नियम आहे. फियाट टोरोचं डिझेल मॉडेल मोनोकॉक आहे, मागे स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइल स्प्रिंग आहेत, तरी क्षमता १००० किलो. चासी शिडीची आहे की नाही, यावर माल ठरत नाही. मागची स्प्रिंग, हब बेअरिंग, ब्रेक, टायर आणि स्प्रिंग जिथे टेकते तिथला पत्रा, या पाचांवर ठरतो.

पाटे_आणि_शॅकल

टोरोचा मुद्दा मान्य. पण मग तिला 'कारवर बेतलेली' किती म्हणायचं? मागचा निम्मा सांगाडा नव्याने काढला, सस्पेन्शन नवं, ब्रेक मोठे. प्यूजो ५०४ पिकअपचंही तेच. नाक-डोळे सेडानचे, मागे वाढवलेला व्हीलबेस, सलग ॲक्सल आणि पाटे, म्हणून तर आफ्रिकेत ती टनभर माल ओढत राहिली. जे टिकले त्यांनी मागून कारपण टाकून दिलं.

निम्मा_नट

बरोबर, आणि तेच तर हवंय! पुढचा भाग, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, डॅशबोर्ड, दारं, हे सगळं लाखोंनी बनणाऱ्या कारमधून उचलायचं आणि मागे कामाचा सांगाडा लावायचा. पैसा पुढच्या भागात वाचतो. हुशारी मागच्या भागात लागते. मॅव्हरिकमध्येसुद्धा पुढच्या चाकांच्या मॉडेलला मागे साधी ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) आहे आणि चारही चाकांच्या मॉडेलला मल्टिलिंक (प्रत्येक चाक स्वतंत्र).

पत्रा_कटर

सांगाड्याचा विषय निघालाच आहे म्हणून. हॅचबॅक म्हणजे बंद डबा. छताचा मागचा भाग, मागचे खांब आणि डिकीची चौकट मिळून तो पिळाला विरोध करतो. ते कापलं की बुटाच्या खोक्याचं झाकण काढल्यासारखं होतं. एक चाक खड्ड्यात गेलं की सगळा पीळ केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात एकवटतो. रंगाला बारीक तडे पहिल्यांदा तिथेच दिसतात.

त्यावर उपाय तीन. केबिनच्या मागे पूर्ण बंद भिंत, हौद्याच्या तळाखाली आडवे बंद सेक्शन, आणि केबिनच्या छतापासून हौद्याच्या कडेवर उतरणारा तिरका पत्रा. होंडा रिजलाइनच्या पहिल्या पिढीला तो तिरका पत्रा होता. लोकांना नाही आवडला, कारण बाजूने हात घालून माल काढता येत नाही. २०१६ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत तो गेला.

मला खरा आक्षेप दुरुस्तीवर आहे. वेगळा हौदा सहा-आठ बोल्टवर बसतो. आपटला, गंजला, तर उतरवा आणि दुसरा चढवा. हौदा बॉडीचाच भाग असेल तर बाजूला बसलेला पोचा म्हणजे मागचा अख्खा पॅनेल कापून वेल्ड करणं. त्यातून आतला आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये वाळू, माती, भुसा साचतो. पाणी जायची भोकं बुजतात आणि ओल तिथेच राहते. हौदा गंजला तर चेहरा बिघडतो. हा गंजला तर कणा जातो.

मोजपट्टी

सगळे वजनावर बोलताय, हौद्याच्या मापावर कुणीच नाही.

प्लायवुडचा मोठा ताव १२२० × २४४० मिमी. मॅव्हरिकच्या हौद्यात चाकांच्या उंचवट्यांमधली जागा सुमारे १०८० मिमी, लांबी १३८०. ताव तळावर बसतच नाही. त्यांनी तोड काढली ती चांगली आहे: फाळका अर्ध्यावर अडकतो, त्याची कड आणि चाकांचे उंचवटे एका पातळीत येतात, ताव वर सपाट पडतो. हौद्याच्या बाजूंना खाचा आहेत, त्यांत आडव्या फळ्या बसवून मजलाही करता येतो. तरी २४४० चा ताव फाळक्याच्या थोडा बाहेर जातोच. पट्टे आवळून बांधा आणि टोकाला लाल फडकं लावा. १८ मिमी तावाचं वजन सुमारे ३० किलो धरलं तर वीस तावांत ६०० किलो होतात.

ओल्या वाळूत लोक हमखास फसतात. घनमीटरला १९०० किलो धरा. एवढ्याशा हौद्यात वीतभरसुद्धा थर नको, २० सेंमीलाच ६०० किलो पार. हौदा निम्माही भरलेला दिसत नाही, म्हणून 'अजून चार फावडी टाक' होतं. गाडी बंप स्टॉपवर (स्प्रिंग पूर्ण दबली की अडवणाऱ्या रबरावर) टेकते, मग प्रत्येक खड्डा थेट सांगाड्यात.

जुना_बदला

@हौदा_पाच_फुटी, या गाड्या ग्राहकांना नको होत्या म्हणून गेल्या, असं वरवर दिसतं. कायद्यांनी आणि करारांनीही बराच हात दिला.

अमेरिकेचं बघा. १९६० च्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला. उत्तरादाखल अमेरिकेने आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवली. कोंबडीचं भांडण मिटलं, जकात राहिली. सुबारूने १९७८ मध्ये ब्रॅट या छोट्या पिकअपच्या उघड्या हौद्यात मागे तोंड करून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या, का तर ती प्रवासी गाडी ठरावी! मॅव्हरिक मेक्सिकोत बनते आणि व्यापार करारामुळे या जकातीतून सुटते.

दुसरं, तिथले मायलेजचे नियम चाकांमधल्या क्षेत्रफळाशी बांधले गेले. व्हीलबेस गुणिले ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर). क्षेत्रफळ जितकं मोठं, तितकं लक्ष्य सैल. मग छोटा ट्रक काढून कडक लक्ष्य अंगावर कोण घेईल? २०२५ मध्ये त्या नियमाचा दंड शून्यावर आणला, तेव्हा आता ही सबब उरलेली नाही. बघू कोण पुढे येतं.

ऑस्ट्रेलियाची कथा वेगळी. २००५ च्या जानेवारीपासून थायलंडशी मुक्त व्यापार करार लागू झाला आणि तिथले डबल कॅब पिकअप जकातीविना येऊ लागले. पाच माणसं, टनभर माल, डिझेल. फोर्डची दोन सीटांची फाल्कन यूट २०१६ मध्ये संपली, होल्डनची २०१७ मध्ये कारखान्यासकट. दोनच सीटांची गाडी घरात दुसरी गाडी मागते. तिचा घात तिथे झाला.

हौदा_पाच_फुटी

म्हणून तर आता चार दारांची यावी म्हणतोय. दोन सीटवाली शौकिनांना लखलाभ.

हूक_आणि_जोखड

मला हा सगळा खटाटोपच अनाठायी वाटतो. स्टेशन वॅगन घ्या आणि मागे ट्रेलर लावा. युरोपात स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर मालासकट ७५० किलोपर्यंत चालतो, मात्र गाडीच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. रिकामा ट्रेलर १४० किलो धरला तर ६१० किलो माल. तळ गुडघ्याच्या थोडा वर, लांबी हवी तेवढी, आणि नको तेव्हा अंगणात उभा. हूकवर ५० किलोच्या आसपास भार ठेवायचा, माल ट्रेलरच्या ॲक्सलच्या किंचित पुढे. मागे ठेवलात तर वेग घेतल्यावर शेपूट हलायला लागते.

मोजपट्टी

ट्रेलर स्वस्त, यात वाद नाही. पण रिव्हर्स, पार्किंग आणि वेगमर्यादा? जर्मनीत ट्रेलर लावला की कारला ८० ची मर्यादा, १०० साठी वेगळी मंजुरी. दिवसातून चार ठिकाणी दहा-दहा मिनिटं थांबणाऱ्या प्लंबरला ट्रेलर सांगणं म्हणजे त्याची थट्टा आहे. वर्षातून सहा फेऱ्या असतील तर तुमचंच खरं.

पत्रा_कटर

विजेच्या गाड्यांनी माझा सांगाड्याचा आक्षेप थोडा सैल केलाय, हेही लिहून टाकतो. बॅटरीची पेटी हा स्वतःच एक कडक सपाट डबा. छत कापून गेलेला ताठपणा बराचसा खालून परत मिळतो. मोटर मागच्या ॲक्सलवर बसवली तर शॅकलरावांचा चढाचा प्रश्नही सुटतो. पण ५० युनिटची पेटी ३००-४०० किलो भरते आणि ते वजन टायरच्या हिशेबातून कापलं जातं. फुकट काही नाही.

नवा_पाना

माहितीपूर्ण चर्चा. एक प्रश्न: असा जुना पिकअप बघायला गेलं तर आधी काय तपासायचं?

पाटे_आणि_शॅकल

मी विरोधी पक्षातला, तरी सांगतो. आधी मागचे टायर. बाजूच्या भिंतीवरचा भार-अंक वाचा: ९१ म्हणजे टायरला ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९०. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलंय त्यापेक्षा कमी अंक बसवला असेल तर कुणीतरी पैसे वाचवलेत. हा भार पूर्ण हवेवरच धरलेला असतो, कमी हवेत नाही. मग बंप स्टॉपचं रबर बघा. चपटं, फाटलेलं किंवा चकाकणारं असेल तर गाडी कायम जादा मालावर चालली आहे. केबिनमागचे खालचे कोपरे टॉर्चने. हौद्याची मॅट उचलून चाकांच्या उंचवट्यांचे सांधे, आणि खालून पाण्याच्या भोकांत तार घालून बघा, माती निघते की गंजाचे पापुद्रे.

जुन्या मॉडेलमध्ये मागच्या ॲक्सलपासून ब्रेकच्या व्हॉल्व्हला जाणारी एक दांडी असते, मालानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारी. ती बऱ्याचदा गंजून जाम झालेली किंवा कुणी तारेने बांधून टाकलेली सापडते. मोकळी सोडून हाताने हलवून बघा. हलली नाही तर, ती कुठे अडकली आहे त्यानुसार, भरल्या गाडीला मागचा ब्रेक अपुरा पडतो किंवा रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर आधी जाम होतात.

पत्रा_कटर

आणि दोन्ही दारं रिकाम्या गाडीत एकदा, मग हौद्यात तीन-चार माणसं उभी करून एकदा उघडून बघा. दुसऱ्या वेळी दार घासलं तर किंमत विचारायच्या आधीच निघा.