डिसेंबरात बाल्कांवातली झाडं का जळतात? आणि गोव्यात थंडीत अंगणाचं करायचं तरी काय?

नाशिकची_सून

नमस्कार. यंदा जूनमध्ये आम्ही नाशिक सोडून म्हार्दोळला सासरच्या जुन्या घरी राहायला आलो. घर कौलारू, तोंड दक्षिणेला, पुढे सोपे (बसायचे बाक) असलेलं बाल्कांव, म्हणजे दारापुढचा छप्पर असलेला ओटा, त्यापुढे अंगण आणि मागे परसू. दोन माड, एक जुना मानकुराद आंबा, सासूबाईंची तुळस. शिवाय टेम्पोत घालून आणलेल्या माझ्या कुंड्या: मनीप्लांट, पीस लिली, नेचे, संसेविएरिया, अरेका पाम.

पावसाळाभर बाल्कांवातल्या कुंड्या नुसत्या माजल्या होत्या. आता डिसेंबर लागला आणि पीस लिलीच्या पानांवर मधोमध वाळके तपकिरी चट्टे पडलेत, नेच्यांची टोकं जळलीत. एका नर्सरीवाल्याने “थंडी बाधली” म्हणत एक औषधाची बाटली गळ्यात मारली. अहो, रात्री पंखा लावून झोपतो आम्ही, थंडी कुठली बाधणार? निफाडला द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात ती थंडी.

नेटवर ‘हिवाळ्यात बागेची काळजी’ शोधलं तर सगळे सल्ले बर्फाच्या मुलखातले. नळाचं पाणी काढून ठेवा, खोडाला गोणपाट गुंडाळा, कुंड्या घरात घ्या. इथे काय करायचं ते कुणी सांगेल का? अंगणात गुडघाभर गवत वाळून उभं आहे, आंब्याला पाणी घालावं की नाही यावरून घरात दोन पक्ष पडलेत, आणि मला खिडकीत खायचं काहीतरी लावायचं आहे.

कुळागरातला

बाय, ती बाटली फोडली नसशील तर परत कर. तुझ्या लिलीला थंडी नाही, ऊन लागलंय.

बाल्कांव दक्षिणेला आहे हे तूच लिहिलंस, त्यातच उत्तर आहे. गोवा साधारण १५.५ अक्षांशावर. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. म्हणजे तू आलीस तेव्हा तुझ्या बाल्कांवात ऊन शिरायला वाटच नव्हती, त्यात वर ढग. आता तोच सूर्य दुपारी साडेबाराला दक्षिणेकडे, क्षितिजापासून ५१ अंशांवर. वळचण लादीपासून अडीच मीटर उंच धरली तर तिच्या कडेपासून दोन मीटर आत ऊन पडतं. पावसात जिथे गर्द सावली होती तिथे आता भर दुपारचं ऊन. पानं जळणार नाहीत तर काय होणार!

तर येत्या रविवारी साडेबाराला खडू घेऊन उन्हाची कड लादीवर आखून घे. पीस लिली, अरेका त्या रेषेच्या आत, भिंतीला लागून. संसेविएरियाला ऊन मानवतं, तिला हळूहळू पुढे सरकव, एकदम नको. जळलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, पण अर्धं पान हिरवं असेल तर कापू नको, ते झाडाला अजून पोसतंय. २१ डिसेंबरनंतर ही कड मागे जायला लागते, आणि २१ मार्चच्या सुमारास वळचणीपासून पाऊण मीटरच्याही आत येते. तेव्हा कुंड्या पुन्हा पुढे घेता येतील.

नेच्यांचं दुखणं वेगळं. पाऊस सरला की रात्री आणि सकाळी घाटाकडून कोरडा वारा सुटतो, दुपारनंतर समुद्राकडचा दमट येतो. पहाटे दव पडतं म्हणून लोकांना वाटतं हवा ओली आहे. दहा वाजता गवतावर हात फिरवून बघ, सगळं सुकलेलं असतं. नेचे उत्तरेकडच्या खिडकीत ठेव, न्हाणीघराची असेल तर उत्तम. पंख्याखाली अजिबात नको.

आता आंबा. जुना मानकुराद म्हणतेस, तर त्याला आता पाणी नको. सासूबाई कुठल्या पक्षात आहेत मला ठाऊक नाही, पण पाणी नको म्हणणारा पक्ष बरोबर. पावसानंतर मुळांशी कोरड पडली की झाड पालवी थांबवतं आणि मोहोराकडे वळतं. आता पाणी ओतलंस तर कोवळी तांबूस पानं फुटतील आणि मे महिन्यात बाजारातून आंबे आणावे लागतील. फळ वाटाण्याएवढं धरलं की मग दे. मोहोर फुटायला लागला की सकाळी त्याच्याखाली उभी राहून बघ. अंगावर बारीक किडे उडाले आणि पानं चिकट लागली तर तुडतुडे. मोहोरावर पांढरी पिठी दिसली तर भुरी, ती ढगाळ हवेत आणि दवात फोफावते. भुरीला पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम. फुलं पूर्ण उमललेली असताना मात्र फवारू नये, माश्या मरतात आणि फळ धरत नाही.

माडाला उलट पाणी हवंच. बुंध्याभोवती १.८ मीटर त्रिज्येचं आळं कर आणि त्यात सोडणं (नारळाची सालं) पसर, पालथी, म्हणजे पोकळ बाजू जमिनीकडे. खणून पुरणार असशील तर पोकळ बाजू वर, मातीखाली पाणी धरून ठेवतात. पुरलेली सोडणं पाच-सात वर्षं काम देतात. वर झावळ्या घाल.

गवत कापायला अजून उशीर झालेला नाही, पण मार्चपर्यंत ठेवू नको, एका विडीच्या थोटकाने पेटतं. कापताना बूट घाल, आधी काठीने आपट. या दिवसांत घोणस उन्हाला येऊन पडते आणि माणूस आला म्हणून हलत नाही. कापलेलं पेटवू मात्र नको. सकाळी सातला सगळा गाव पाला जाळतो आणि धूर खाली बसतो, तो खोकला मला पुरे झालाय. एका खड्ड्यात टाक, शेणकाला शिंपड, जूनपर्यंत खत.

ताळगाव_तिसरा_मजला

ताई, काकांनी उन्हाचं सांगितलं त्याचीच दुसरी बाजू सांगते. आम्हा फ्लॅटवाल्यांना तीच दक्षिणेची खिडकी पावसाळ्यात फुकट जाते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तीच आमची शेती. तुमची लिली जिथून हलवाल तिथेच कोथिंबीर ठेवा. धणे लाटण्याखाली हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि पेरा. आठवडा-दहा दिवसांनी उगवतात, दिसले नाहीत म्हणून उकरून बघू नका. गोव्यात कोथिंबीर हे थंडीचंच काम. मार्च लागला की उकाड्याने लगेच फुलावर जाते आणि पानं दोऱ्यासारखी होतात. पुदिना आणि पानओवा बारमाही, ते थोड्या कमी उन्हातही चालतात.

कुंडीत नुसती तांबडी माती भरू नका. पाऊस थांबला की ती अशी घट्ट बसते की पाणी वरून कडेने वाहून जातं आणि मुळं कोरडी राहतात. मी माती, शेणखत आणि कोकोपीट सारख्या भागाने घेते. कोकोपीट बादलीत दोन-तीन पाण्यांनी धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात. न धुता वापरलं तर पानांच्या कडा जळतात आणि पुन्हा कुणीतरी थंडीची बाटली विकतं. 🙂

पाणी रोजच्या रोज नको. बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा, आत ओल असेल तर राहू द्या. थंडीत घरातली बहुतेक झाडं सुस्तावतात, कुजून मरतात ती तहानेपेक्षा जास्त. आणि कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतात, आमच्या सोसायटीत तपासणीला येणारी माणसं आधी बशाच बघतात.

अजून एक. रस्त्याची तांबडी धूळ. पावसात पानं आपोआप धुतली जायची, आता ओल्या फडक्याने तुम्हालाच पुसायला लागतील. पुसताना पान उलटवून बघा. बारीक जाळी आणि ठिपके दिसले तर लाल कोळी. तो कोरड्या हवेत येतो आणि नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही बराच जातो. देठांच्या बेचक्यात कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण, तो बोळ्याने पुसून काढा. कडूनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी.

डिचोलीचा_मळेकर

आंब्याला पाणी नको हे सरसकट सांगू नका काका. आमच्या मळ्यातली कलमं दोन-तीन वर्षांची आहेत. त्यांचं पाणी तोडलं तर मोहोर सोडा, काटक्या उरतील. कलम चार-पाच वर्षांचं होईपर्यंत पाणी द्यायचं आणि मोहोर आला तर खुडायचा. नाशिकच्या वहिनींचा मोठा आहे म्हणून त्यांना तुमचा नियम ठीक.

पण वहिनी, तुम्ही खिडकीत काय अडकलात, परसू आहे ना! गोव्यात थंडी म्हणजे भाजीपाल्याचा हंगाम. इथे पावसात जमीन पाण्यात आणि एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला, मधले चार महिने आपले. आगशीची वांगी, मुळा, नवलकोल, अळसांदे (इथली चवळी) सगळं याच दिवसांत. पहिल्या वर्षी मात्र तांबडी भाजीच, म्हणजे लाल माठ, लावा. बी मोहरीहून बारीक, चिमटीत धरलं की एका जागी पडतं, म्हणून रेतीत मिसळून फोका. वर माती जेमतेम झाकेल एवढीच. पहिला शत्रू मुंग्या, रातोरात बी वाहून नेतात. वाफ्याभोवती राखेची जाड रेघ ओढा आणि पाणी घालताना ती भिजली की पुन्हा ओढा. दुसरा शत्रू मोर. हसू नका, आमच्याकडे कोंबडीसारखे फिरतात. मासेमारीचं जुनं जाळं मिळालं तर चार काठ्यांवर ताणा. पंचवीस-तीस दिवसांत भाजी उपटायला येते. सगळं बी एकदम संपवू नका, पंधरवड्याने पुन्हा एक वाफा टाका.

मिरचीची रोपं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतात. काणकोणच्या खोल्याची मिरची मात्र आता शोधू नका, ती पावसावर डोंगरउतारावर होणारी. पानं वर वळून द्रोण झाला की फुलकिडे समजा आणि ताईंनी सांगितलेलं निंबतेल मारा. तेवढ्याने भागलं नाही तर विभागीय कृषी कार्यालयात एक फांदी घेऊन जा.

नाशिकची_सून

सगळ्यांचे आभार. खडूची रेघ आज दुपारीच मारली. चट्टे पडलेल्या लिलीच्या सगळ्या कुंड्या उन्हाच्या बाजूला होत्या आणि भिंतीजवळच्या एकीवरही चट्टा नव्हता, त्यामुळे नर्सरीवाल्याचा विषय संपला. नेचे न्हाणीघरात गेले. पाणी नको म्हणणारा पक्ष सासूबाईंचा होता, काकांचं उत्तर त्यांना वाचून दाखवलं. तेव्हापासून घरात कुणी त्यांच्यासमोर बोलायला तयार नाही.

दोन शंका राहिल्या. तुळशीचं लग्न झाल्यापासून तुळस मंजिऱ्यांनी भरलीय आणि पानं लहान होत चाललीत, हे चालायचंच का? आणि सोडणं आणायची कुठून? आमचा पाडेली नारळ पाडून, घेऊन जातो. सोलणं त्याच्याकडेच होतं.

कुळागरातला

डिचोलीकरांचं कबूल, मी जुन्या झाडापुरतंच बोललो.

तुळशीच्या मंजिऱ्या हिरव्या असतानाच खुड. बी धरलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं, मग वाळायला लागतं. सासूबाई नको म्हणाल्या तर थोड्या बियांसाठी ठेव, पूर्ण वाळल्या की चोळून बी काढ, पावसाच्या तोंडावर नवीन रोपं होतील. वृंदावनात पाणी सकाळीच, आणि तळाचं भोक बुजलं नाही ना ते एकदा तारेने बघून घे.

सोडणांसाठी पाडेलीलाच सांग, तुझ्या वाट्याचे नारळ तुझ्या परसात सोल म्हणून. थोडे जास्त पैसे मागेल, दे. दोन माडांची पहिल्या खेपेला पुरणार नाहीत. जवळपास कुणी खोबरं वाळवत असेल तर त्यांच्याकडे ढीग पडलेला असतो, बहुतेक फुकट नेऊ देतात.

आणि पाडेली वर चढलेलाच असेल तर एवढं विचार: नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या, त्रिकोणी तुकडे गेल्यासारख्या दिसतात का? दिसत असतील तर गेंड्या भुंगा आहे. तो कोंब पोखरतो, पण त्याच्या अळ्या वाढतात शेणाच्या आणि कुजक्या पाल्याच्या ढिगात. म्हणजे मी तुला जो खड्डा करायला सांगितला तो माडांजवळ नको, परसाच्या दुसऱ्या टोकाला कर. महिन्याभराने फावड्याने उलथत जा. जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघाल्या तर कोंबड्या असलेल्या शेजारणीला हाक मार.