मदत हवी आहे : सीआरझेडमधल्या जुन्या घरात न्याहारी निवास

गुहागर तालुक्यात आमचं जुनं कौलारू घर आहे. त्यातल्या तीन खोल्या पर्यटकांना द्यायच्या आहेत, न्याहारी निवास योजनेत रीतसर नोंदणी करून. घर गावठाणातलं, आईच्या नावावर, आणि आम्ही तिथेच राहतो. अडचण अंतराची आहे. गाव सीआरझेड-३ ब मध्ये (सीआरझेड म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्र) येतं, म्हणजे भरतीरेषेपासून २०० मीटर ना विकास क्षेत्र, जिथे नव्या बांधकामाला सहसा मनाई असते, आणि घर साधारण १४० मीटरवर. नवं बांधकाम अजिबात करायचं नाही, जोतंही तेच राहील. फक्त आतली डागडुजी.

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, आठ-अ आणि घरपट्टीच्या पावत्या जमवल्या. दोन कार्यालयांत विचारलं, तर एकाने सीआरझेड परवानगी आणा म्हटलं, दुसऱ्याने गरज नाही म्हटलं. लेखी कोणीच देईना. विनापरवाना सुरू करायचं नाही.

अशा जुन्या घराची नोंदणी कोणी केली आहे का? सीआरझेडचा वेगळा दाखला लागला का, आणि अर्ज नेमका कुठे केलात?