ओजसची लॉटरी लागली, जागा घ्यायची का?

सायली: सगळ्यांना एक सांगायचं होतं. आमच्या ओजसचं नाव इथे अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या एका चार्टर शाळेच्या लॉटरीत लागलं. सप्टेंबरपासून के.जी. शाळा आमच्या जर्नल स्क्वेअरच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे. शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचंय. नाही म्हटलं की जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला जाते. आमच्या पत्त्याची जर्सी सिटीची सरकारी शाळा आहेच, ती कुठे जात नाही. दोन दिवस डोकं चालत नाहीये. मृदुला वहिनी, तुझी मीरा दोन्हीकडे शिकलीय, तूच सांग.

सुमन आत्या: अभिनंदन गं बाळाचं. पण चार्टर म्हणजे काय? खाजगी का?

अण्णा: फी किती आहे?

निरंजन दादा: अण्णा, फी नाही, डोनेशन नाही, मुलाची परीक्षा किंवा मुलाखतही नाही. पैसा सरकारी आणि कारभार शाळेच्या स्वतःच्या मंडळाचा. आपल्या अनुदानित शाळांच्या जवळचं काहीतरी समजा. फरक असा की राज्य सरकार ठरावीक वर्षांचा परवाना देतं. न्यू जर्सीत पहिला ४ वर्षांचा, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. शाळा चालवणं जमलं नाही तर परवाना काढून घेतात आणि शाळा बंद होते. मिनेसोटाने १९९१ मध्ये पहिला कायदा केला, इथे न्यू जर्सीत पहिल्या शाळा १९९७ ला सुरू झाल्या. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत. पुण्यात आरटीईच्या २५ टक्के जागांची निघते तशीच, पण इथे सगळ्याच जागांची. शहरात राहणाऱ्यांना आणि आधीच शाळेत असलेल्यांच्या भावंडांना अग्रक्रम.

अण्णा: मग विचार कसला करताय? सोडत लागलीय ती कोणी सोडतं का! लोक देव पाण्यात घालून बसतात त्यासाठी.

निरंजन दादा: थांबा अण्णा. सोडत लागली म्हणजे शाळा चांगली, असं होत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा क्रेडो नावाचा गट याच विषयावर वर्षानुवर्षं काम करतोय. २००९ मध्ये त्यांना दिसलं की गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के त्यांच्यापेक्षा वाईट आणि बाकीच्यांत फरक नाही. २०२३ च्या अहवालात चित्र सुधारलं. चार्टरमधली मुलं सरासरीने वाचनात वर्षाला १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे. मोठ्या शहरांतल्या चार्टरचा २०१५ चा अभ्यास तर आणखी चांगला होता, गणितात ४० दिवस, वाचनात २८. पण ही सगळी सरासरी आहे. ओजस सरासरी शाळेत जाणार नाही, त्या एका इमारतीत जाणार आहे.

सुमन आत्या: बरोबर बोललास. सायली, मी तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, मला अमेरिकेतलं काही कळत नाही. पण शाळा कळते. मला एवढंच सांग, पहिलीला पट किती आणि पाचवीला किती? गळती किती? निकाल चांगला लावायचा सोपा मार्ग म्हणजे कच्ची मुलं दाखला घेऊन जातील असं वागायचं. आणि मास्तर किती वर्षं टिकतात? दर जूनला नवा चेहरा असेल तर ती शाळा नाही, एसटी स्टँड आहे.

सायली: आत्या, हे मला सुचलंच नव्हतं! वेबसाइटवर तर फक्त टक्के आहेत. आपल्या शाळेचे इतके, शहराचे इतके.

मृदुला वहिनी: सायली, मुलं झोपल्यावर निवांत लिहायचं ठरवलं होतं. मोठं होणार आहे, सांभाळून घे.

आत्यांनी विचारलं ते सगळं बघता येतं. न्यू जर्सीचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा अहवाल काढतं, चार्टर असो की सरकारी. नेटवर फुकट आहे. त्यात इयत्तेनुसार पटसंख्या असते. मात्र एकाच वर्षाची के.जी. आणि पाचवी शेजारी ठेवून बघू नकोस. कारण नवी चार्टर बऱ्याचदा लहान वर्गांपासून सुरू होते आणि दरवर्षी एक इयत्ता वाढवते, तिथे वरचे वर्ग लहान असणारच. तीच तुकडी धरून पुढे जा. तीन वर्षांपूर्वीची के.जी., मग त्यांचीच पहिली, दुसरी, तिसरी. मीराच्या चार्टर शाळेत मी हे केलं तेव्हा के.जी.च्या ६० मुलांची तिसरीत ४१ झाली होती. प्रवेश घेण्याआधी बघायला हवं होतं, मी बघितलं प्रवेशानंतर तीन वर्षांनी.

आणि शाळेला थेट विचार, मूल सोडून गेलं तर ती जागा प्रतीक्षायादीतून भरता का, आणि कोणत्या इयत्तेपर्यंत? काही शाळा वरच्या वर्गात नवी मुलं घेतच नाहीत. मग मागे पडलेली गेली की टक्के आपोआप वर चढतात.

टक्क्यांबद्दलही एक सांगते. राज्याची परीक्षा तिसरीपासून असते, त्यामुळे ते टक्के के.जी.बद्दल काहीच सांगत नाहीत. मूल घरून काय घेऊन येतं तेही त्यात मिसळलेलं असतं. त्याच अहवालात वाढीचा आकडा असतो, चौथीपासूनचा. आधी तेवढेच गुण असलेल्या राज्यातल्या इतर मुलांच्या तुलनेत हे मूल वर्षभरात किती पुढे सरकलं, त्याचा. ५० म्हणजे मधोमध. मी टक्क्यांआधी तो बघते. शिक्षकांचा अनुभव आणि सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाणही तिथेच आहे. वर्षाचे दहा टक्के दिवस बुडाले की मूल त्यात धरतात. १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. लहान मुलं एवढी घरी का राहतात, हे कोणत्याही शाळेला विचारावं.

आता मीराचं. पहिलीच्या वर्गशिक्षिकेसारखी बाई मी अजून पाहिली नाही. मीराला अक्षरं ओळखता यायची, शब्द जुळत नव्हता. त्या रोज दुपारी चार मुलांना गुडघ्याएवढ्या टेबलाभोवती बसवायच्या, प्रत्येकासमोर चुंबकी अक्षरं, आणि एकेक आवाज बोटाने पुढे ढकलायला लावायच्या. मार्चमध्ये मीरा बसच्या पाट्या वाचायला लागली. हे त्या शाळेचंच देणं आहे, ते मी कधी विसरणार नाही.

पण मीरा अडखळत बोलायची. तिच्या आयईपीत, म्हणजे विशेष मदतीच्या लेखी आराखड्यात, आठवड्यातून दोन तासिका स्पीच थेरपीच्या होत्या. शाळा छोटी, थेरपिस्ट बाहेरून यायच्या. डिसेंबरात त्या सोडून गेल्या आणि एप्रिलपर्यंत जागा रिकामी. ती मदत देणं चार्टरवरही सरकारी शाळेइतकंच बंधनकारक आहे, पण कायदा हातात घेऊन मी दर सोमवारी फोन करत होते आणि पोरगी वर्गात हात वर करायची थांबली होती. चौथीला तिला आमच्या पत्त्याच्या शाळेत घातलं. इमारत जुनी, वर्ग मोठा, पण थेरपिस्ट पूर्ण वेळ तिथेच. सगळ्या सरकारी शाळा अशा असतील असं मी म्हणत नाही. म्हणून दोन्हीकडे एकच प्रश्न विचार, मूल मागे पडलं तर पुढच्या सोमवारी त्याच्याजवळ कोण बसतं? नाव सांगता आलं पाहिजे. ‘आमच्याकडे सपोर्ट आहे’ हे उत्तर नाही.

एक शेवटचं. नावनोंदणीच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता ते विचारतात. मी भीतीपोटी इंग्लिश लिहिलं होतं, मुलीला वेगळं काढतील म्हणून. दोन महिने मीरा वर्गात गप्प बसली आणि त्यांना वाटलं स्वभावच असा आहे. खरं ते लिही. त्याची इंग्लिश तपासतील आणि गरज असेल तर ईएसएलची, म्हणजे घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना इंग्लिश शिकवणारी, शिक्षिका मिळेल, तो त्याचा हक्क आहे. व्हिसाबद्दल शाळा विचारू शकत नाही.

सुमन आत्या: मृदुला, एवढं सोसलंस आणि आम्हाला कधी बोलली नाहीस गं.

सायली: वहिनी, उद्या सकाळी शाळा बघायला बोलावलंय. काय बघू?

मृदुला वहिनी: दाखवतात ते बघच, पण एका वर्गात वीस मिनिटं बसू द्या म्हण. मधली सुट्टी किती आणि कुठे, ते बघ. शहरातल्या बऱ्याच चार्टर भाड्याच्या जागेत असतात, मैदान नसतं. के.जी.च्या मुलांचं शौचालय बघ.

सुमन आत्या: आणि वह्या. भिंतीवर लावलेलं नको, दप्तरातलं.

*(दुसऱ्या दिवशी)*

सायली: जाऊन आले. शाळा एका जुन्या चर्चच्या शाळेच्या इमारतीत आहे. जिन्यात मुलं पिवळ्या पट्टीवरून एका रांगेत, गाल फुगवून चालत होती. तोंडात बुडबुडा धरायचा म्हणजे बोलता येत नाही. मला ते आधी आवडलं नाही. मग वर्गात बसले. एक मुलगा टेबलाखाली जाऊन बसला होता, रडत होता. शिक्षिका ओरडल्या नाहीत, बाहेरही काढलं नाही. त्याचा कागद आणि पेन्सिल खाली सरकवली आणि बाकीच्यांना शिकवत राहिल्या. दहा मिनिटांनी तो वर आला. मधली सुट्टी २५ मिनिटं, गाड्यांच्या तळाला कुंपण घालून केलेल्या जागेत. झाड एकही नाही.

वह्या मागितल्या तेव्हा मुख्याध्यापिका थोड्या चमकल्या, पण दिल्या. आत्या, चुका खोडरबरने पुसलेल्या नव्हत्या, शेजारी पुन्हा लिहिलेलं होतं.

ईएसएलच्या बाईंचं नाव लगेच सांगितलं, पाच वर्षं आहेत, त्यांना भेटलेसुद्धा. स्पीचचं मात्र ‘बघून कळवतो’. रिकाम्या जागा चौथीपर्यंत भरतात. तुकडी धरून पट काढला, ५४ ची तिसरीत ५१.

निरंजन दादा: हे चांगलं आहे. परवान्याचं नूतनीकरण कधी?

सायली: गेल्या वर्षीच झालं, पाच वर्षांसाठी.

सुमन आत्या: पुसू न देणारी बाई असेल तर मी माझा नातू डोळे झाकून तिच्या वर्गात बसवला असता. मैदानाचं तू संध्याकाळी बघ, रोज एक तास लिंकन पार्कला ने.

मृदुला वहिनी: मलाही घ्यावी असंच वाटतं. ओजसला आज स्पीचची गरज नाही. उद्या काही लागलं आणि इथे मिळालं नाही, तर शहराच्या सरकारी शाळांना त्याला वर्षाच्या मध्येही घ्यावंच लागतं. उलटं होत नाही, ही जागा थांबणार नाही.

सायली: हो कळवते मग आजच. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार पुरतो ना?

मृदुला वहिनी: वीजबिलही घेऊन जा, आणि लसींचा कागद. पुण्याच्या डॉक्टरांचं कार्ड असेल तर इथल्या बालरोगतज्ज्ञांकडून त्यांच्या फॉर्मवर उतरवून घे, ऑगस्टमध्ये अपॉइंटमेंट मिळत नाही.