फुल फ्रेम नसेल तर दशावतार काढू नये म्हणे!

कातळकडा: “क्रॉप सेन्सरवाल्यांनी दशावताराचे फोटो टाकायचे कष्ट घेऊ नयेत” असं काल कुणीतरी ठणकावलंय. (क्रॉप किंवा एपीएस-सी म्हणजे कॅमेऱ्यातला लहान सेन्सर, फुल फ्रेम म्हणजे मोठा.) राहवलं नाही म्हणून लिहितोय. जत्रेत मध्यरात्री उजेड तो केवढा! तिथे फुल फ्रेमला एफ/4 झूम लावणाऱ्यापेक्षा एपीएस-सीला 50 एमएम एफ/1.8 लावणारा फायद्यात असतो. एफचा आकडा लहान तितका लेन्समधून प्रकाश जास्त: एफ/1.8 मधून एफ/4 च्या जवळजवळ पाचपट प्रकाश येतो, फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ मात्र सव्वादोनपटीच्या आसपासच. पोरांना कर्ज काढायला कशाला लावता?

दर्याकाठ: ती पोस्ट माझीच. हिशोब सोयीचा केलात. फुल फ्रेमला 85 एमएम एफ/1.8 लावा, शटर तेच ठेवा, मग बोला. 36 × 24 मिमीवर एकूण प्रकाशच जास्त पडतो, म्हणून नॉईज (फोटोतले दाणे) कमी. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 6400 ला नेला की क्रॉपवर संकासुराच्या काळ्या वेशाच्या चुण्या जातात, उरतं नुसतं घोंगडं.

सुरंगी: सेन्सर कसले मोजताय, आधी बुरशीचं बोला! माझी लेन्स एका पावसाळ्यात चामडी केसमध्ये राहिली, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. दुरुस्तीवाला म्हणाला, कोटिंगच खाल्लंय.

दर्याकाठ: चामडी केस ओल धरते. ड्राय कॅबिनेट (ओल काढणारं विजेचं कपाट) घ्या, आर्द्रता 40 ते 50 टक्के ठेवा.

सुरंगी: आणि वीज? 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोलीकडे कित्येक दिवस अंधार होता. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, बस्स. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून घ्यायचे.

माडबन: आम्ही तांदूळ घालतो डब्यात.

सुरंगी: तांदळाची भुकटी झूमच्या फटीत जाते. कृपा करून असले सल्ले देऊ नका!

माडबन: आमका शिकवू नकात. आमची लेन्स अजून स्वच्छ आसा.

कातळकडा: बुरशीला वेगळा धागा काढा. दर्याकाठ, तुमच्या 85 ला एफ/1.8 वर डोळा फोकसमध्ये आला तर मुकुट फोकसमधून सुटतो. म्हणून तुम्ही एफ/2.8 करणार, म्हणजे फोकसची खोली वाढते पण प्रकाश घटतो. तिथेच सगळी आघाडी संपली, कारण एपीएस-सीवरचं 1.8 म्हणजे जवळपास तेच.

दर्याकाठ: युद्धाच्या प्रसंगात दोन पात्रं आली की 2.8 लागतं, तेवढं मान्य. एकट्या पात्राला मी 1.8 च ठेवतो, आणि तिथे क्रॉप मागेच पडतो. “कष्ट घेऊ नयेत” हे जरा जास्त झालं असेल. बाकी पोस्ट आहे तशी राहील.