बोटीशिवाय, काठावरून जिताडा: पहिली फेरी कशी आखावी?

कोपरखैरणेकर
आम्ही दोघं, दोन बाइक. गाइड नको, बोट नको. काठावरून गरवायचं आणि जिताडा मिळालाच तर घरी आणून खायचा. रॉड नऊ फुटी, ३० ते ८० ग्रॅम वजन फेकणारा. रील ४००० नंबरचं, त्यावर २० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोर. सुट्टी फक्त रविवारी. घराजवळची ठाणे खाडी बरी की उरणपर्यंत जावं? भरतीचं गणित कसं धरायचं? आणि नवखे लोक नेमके कुठे फसतात?

गरी_आणि_गाठ
आधी जागा. ऐरोली पूल ते वाशी पूल यांच्यामधला खाडीचा पश्चिमेकडचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, जवळपास १,६९० हेक्टर. परवानगीशिवाय तिथे रॉड घेऊन शिरायचं नाही. अभयारण्याबाहेरही कांदळवनाची फांदी तोडून वाट करू नका, तो गुन्हा आहे. शिवाय ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचं पाणी वर्षानुवर्षं या खाडीत आलं आहे. खायचा मासा हवा असेल तर खाडीच्या मुखाकडे, उरणच्या बाजूला जा. तिथेही बंदर, नौदल आणि ओएनजीसीच्या हद्दी टाळा. कोळीवाड्याच्या जेट्टीवर उभं राहायचं तर आधी तिथल्या माणसांना विचारा. डोल (ओढीत बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं) लावली असेल त्या बाजूला गळ टाकूच नका. अडकला तर तुमचा एक गळ जातो, त्यांचं जाळं फाटतं.

आता पाणी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. सप्तमीला सात गुणिले पाऊण, म्हणजे सव्वापाच. पुढची भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी. हिशोब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी मुंबईच्या अपोलो बंदरचं भरतीचं वेळापत्रक बघा. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा.

यातली आपल्या भागाची खूण लक्षात ठेवा: उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेची, मोठी) भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास, भांगाची (अष्टमीच्या आसपासची, लहान) सकाळ-संध्याकाळी सहा-सातला. पहिल्या फेरीसाठी अष्टमी ते दशमीला येणारा रविवार निवडा. पहाटेचा उजेड आणि भरतीचा शेवट एकत्र मिळतो, ओढही कमी असते. भांगाला ४० ग्रॅम शिसं जागेवर बसतं. उधाणाला १०० ग्रॅमही सरकत जातं, आणि तेवढं तुमचा रॉड फेकू शकत नाही. उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर चढते आणि ओहोटीला तेच पाणी जेट्टीपासून दूर जाऊन नुसता चिखल उरतो.

भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास, एवढंच धरा. ओहोटी लागली की लहान नाल्यांतून कोळंबी आणि बोयटी हे छोटे मासे खाली येतात. जिताडा त्या तोंडाशी, दगडाच्या किंवा खांबाच्या आडोशाला असतो. फार लांब फेकायची गरज नाही.

बेलापूर_जेट्टी
सामानात एक भर. ब्रेड थेट गळाला बांधू नका. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, वळताना दोर कापते. पुढे ४० पौंडी मोनोचा (एकेरी नायलॉन दोराचा) तीन फुटी तुकडा हवाच. शिसं ब्रेडवर मोकळं सरकतं ठेवा, मग मणी, स्विवेल (फिरती कडी), मोनो आणि ४/० चा सर्कल गळ (टोक आत वळलेला). या गळाला झटका द्यायचा नाही. मासा दोर घेऊन वळला की फक्त रील फिरवून ताण द्या. झटका दिला की गळ तोंडातून सरळ बाहेर येतो.

ड्रॅग (किती ताणाला दोर सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक) हाताच्या अंदाजाने लावू नका. बॅगा तोलायचा काटा दोराला अडकवून ओढा, अडीच किलोला दोर सुटायला हवा. जिवंत कोळंबीच्या डोक्यात जो काळा ठिपका दिसतो, तो टाळून शिंगाखालून गळ घाला, नाहीतर ती लगेच मरते. बादलीत खाडीचंच पाणी, बॅटरीवरचा बुडबुडे पंप आणि सावली.

जेट्टी उंच असेल तर दोरी बांधलेलं गोल जाळं न्या. पाच किलोचा मासा दोराने वर उचलायला गेलात की बहुतेक तिथेच सुटतो.

चिखल_वाचणारा
फसण्याचं विचारलंत, तर सगळ्यात आधी चिखल. अडकलेला मासा सोडवायला ओहोटीत खाली उतरू नका, दोर कापा. पाय रुतलाच तर जोर लावून उपसू नका; मागे आडवे व्हा, वजन पसरवा आणि पाय हलवत थोडं थोडं पाणी आत शिरू द्या. जोडीदाराने काठावरूनच दोरी फेकायची, स्वतः उतरायचं नाही.

शिंगाळा जिताड्यापेक्षा जास्त वेळा लागेल. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी. पकडीने गळ काढा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४०-४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास धरा. काटा आत राहिला किंवा सूज चढली तर डॉक्टर. थर्मासमध्ये गरम पाणी न्या. ते थोडं गार करून आणि दुसऱ्या हाताने तपासूनच वापरा, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. कालवांच्या धारेमुळे चप्पल चालत नाही, बंद बूट घाला. कार्बनचा रॉड वीजवाहिनीखाली उभा करू नका. गडगडाट ऐकू आला की आवरा.

गरी_आणि_गाठ
बर्फाचं राहिलं. माशाच्या वजनाइतका बर्फ घरूनच न्या. मासा ठेवायचा ठरला की लगेच कल्ला कापून रक्त जाऊ द्या, आतडी काढा आणि बर्फात गाडा. उन्हात तासभर पिशवीत राहिलेला जिताडा मऊ पडतो. जिताडे आधी नर असतात आणि वाढल्यावर मादी होतात, म्हणून खूप मोठा लागला तर पाण्यात उभा धरून श्वास सावरू द्या आणि सोडा. मधल्या आकाराचा एक दोन घरांना पुरतो.

कोपरखैरणेकर
मोनो, गोल जाळं आणि थर्मास यादीत घातले. दशमीचा रविवार धरतो, साडेपाचला काठावर. घरी आल्यावर रील पाण्याखाली धुवायचं का?

बेलापूर_जेट्टी
हो, पण ड्रॅग घट्ट करून आणि नळाची बारीक धार सोडून. जोराच्या फवाऱ्याने मीठ बेअरिंगमध्ये ढकललं जातं. पुसून सावलीत वाळवा, मग ड्रॅग पुन्हा सैल करून ठेवा.