आयपीएस पेशींपासून मोटर न्यूरॉन: एचबी९ कमी, आणि पेशी गोळे होऊन सुटतात

पेशीवाली:
एएलएसच्या (मोटर न्यूरॉन मरत जाण्याचा आजार) अभ्यासासाठी मानवी आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशी मागे वळवून केलेल्या मूलपेशी) मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी, करतेय. सुरुवातीला एसबी आणि एलडीएन (पेशींना चेतापेशींच्या वाटेला लावणारी रसायनं), मग रेटिनॉइक ॲसिड आणि एसएजी (मोटर न्यूरॉनकडे वळवणारी). ओलिग२ (मोटर न्यूरॉनच्या पूर्वपेशींची खूण) छान येतं, टीयूजे१ (कुठल्याही न्यूरॉनची खूण) सगळीकडे, पण एचबी९ (मोटर न्यूरॉनची खूण) जेमतेम. शिवाय शेवटच्या टप्प्यात न्यूरॉनचे गोळे होऊन प्लेटवरून सुटतात. नेमकं काय बदलू? आणि अशा पेशी रुग्णाला देता येण्याइतकं काम पुढे गेलंय का?

मज्जारज्जू:
नुसत्या ओलिग२वर विसंबू नका. एसएजी दिल्यावर ते पुढच्या मेंदूच्या पूर्वपेशींतही येतं. एफओएक्सजी१ (पुढच्या मेंदूची खूण) आणि एचओएक्सबी४ (मज्जारज्जूकडच्या भागाची खूण) दोन्ही रंगवून बघा. पहिलं दिसलं आणि दुसरं नाही, तर पेशींना मज्जारज्जूची ओळख मिळालेलीच नाही.

तुमच्या यादीत सीएचआयआर ९९०२१ (पेशींना मज्जारज्जूच्या दिशेने नेणारं रसायन) नाही. ते पहिल्या दिवसापासून ३ मायक्रोमोलर द्या. दुसऱ्या दिवशी रेटिनॉइक ॲसिड १०० नॅनोमोलर, चौथ्या दिवशी एसएजी ५०० नॅनोमोलर. सीएचआयआरची मात्रा प्रत्येक पेशी-लाइनला वेगळी लागते, म्हणून २, ३, ४ मायक्रोमोलर अशी तपासून ठरवा. रेटिनॉइक ॲसिड उजेडात खराब होतं; नळीला फॉइल गुंडाळा आणि माध्यमात आयत्या वेळी घाला.

एचओएक्सबी४ नीट येत असेल तर अडचण पुढची: पूर्वपेशी विभाजन थांबवत नाहीयेत. नवव्या दिवसापासून डीएपीटी १० मायक्रोमोलर द्या, त्याने पूर्वपेशींना विभाजत ठेवणारा नॉच मार्ग बंद होतो. एनकेएक्स२.२ही (मोटर न्यूरॉनच्या शेजारच्या पट्ट्याची खूण) बघा. ते जास्त असेल तर एसएजी जास्त होतंय.

पेशीवाली:
डीएपीटी किती दिवस? आणि एचबी९ कधी मोजू?

मज्जारज्जू:
चौदाव्या दिवसापर्यंत, आणि मोजणीही तेव्हाच. पक्व होताना काही प्रकारच्या मोटर न्यूरॉनमध्ये एचबी९ उतरतं, म्हणून आयएसएल१ (मोटर न्यूरॉनची दुसरी खूण) सोबत रंगवा. सीएचएटी (पक्व मोटर न्यूरॉनमधलं विकर) त्यानंतर.

लॅमिनिन:
गोळे होण्याचं एक मोठं कारण म्हणजे उरलेल्या, वाढत राहणाऱ्या पूर्वपेशी. डीएपीटीने त्या कमी होतील. बाकीचं कोटिंगमध्ये, म्हणजे पेशी चिकटाव्यात म्हणून प्लेटला दिलेल्या थरात, शोधा. पॉली-ऑर्निथिननंतर निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा, उरलेलं ऑर्निथिन पेशींना मारतं. मग लॅमिनिन ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, रात्रभर, आणि पेशी टाकेपर्यंत थर कोरडा पडू देऊ नका.

ॲक्युटेजने (पेशी सोडवणारं विकर) पेशी सुट्या करून ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ लाख पेशी टाका. त्याहून फार दाट झालं की गोळे होतातच. पहिले २४ तास वाय-२७६३२ (सुट्या केलेल्या पेशी जगवणारं रसायन) १० मायक्रोमोलर. पुढे माध्यम फक्त अर्धं बदला, पिपेट भिंतीला टेकवून, हळू. पूर्ण माध्यम ओढलं की द्रवाच्या कडेबरोबर अख्खा थर उचलला जातो.

उपचारमार्ग:
रुग्णाला देण्याबद्दल: अजून नाही. २००८मध्ये हार्वर्डच्या गटाने ८२ वर्षांच्या एएलएस रुग्णाच्या पेशींपासून मोटर न्यूरॉन केले. पण ते कमरेच्या पातळीवर रोपले तरी पायाच्या पंजापर्यंत जवळपास १ मीटर अक्षतंतू वाढायला हवा. वेग दिवसाला साधारण १ मिमी धरला तरी पावणेतीन वर्षं, आणि चेतातंतूशी जोड तुटल्यावर तोवर स्नायू क्षीण होतो. शिवाय अविभेदित पेशी उरल्या तर गाठीचा धोका.

खरा उपयोग औषधं पारखण्यात आहे. जपानमध्ये केइओ विद्यापीठाने रुग्णांच्या पेशींपासून केलेल्या मोटर न्यूरॉनवरच रोपिनिरोल (पार्किन्सनचं औषध) निवडून चाचणीपर्यंत नेलं.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एएलएससाठी मूलपेशी फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि तेही रुग्णाकडून पैसे न घेता. कुणी पॅकेजचे दर सांगत असेल तर रुग्णाच्या घरच्यांना हे स्पष्ट सांगा.